बोलिंग खेळतात सगळे, मग प्रो बोलिंग बघत कोणीच का नाही?

१९६५ साली गोल्फची मास्टर्स स्पर्धा जॅक निकलसने जिंकली, बक्षीस मिळालं २०,००० डॉलर. त्याच वर्षी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहराजवळ फायरस्टोन या टायर कंपनीने पैसे लावलेली टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स झाली, ती बिली हार्डविक नावाच्या बोलरने जिंकली, आणि त्याला मिळाले २५,०००. नीट वाचा, बोलिंगवाल्याला गोल्फवाल्यापेक्षा जास्त! आता २०२५ बघा. मास्टर्स जिंकल्यावर रोरी मॅकिलरॉयला मिळाले ४२ लाख डॉलर आणि बोलिंगच्या मोठ्या स्पर्धांचं पहिलं बक्षीस आहे साधारण १ लाख डॉलर. १९६५च्या त्या २५,०००ची आजची किंमत काढली तर अडीच लाखांच्या आसपास येते, म्हणजे साठ वर्षांत गोल्फ कुठल्या कुठे गेला आणि बोलिंगवाल्याचा खिसा उलटा निम्म्याहून हलका झाला.

(इथे बोलिंग म्हणजे बुमराहची नाही, मॉलमध्ये भाड्याचे बूट घालून खेळतो ती, दहा पिनांची.)

यावर बहुतेक जण म्हणतात की लोकांना हा खेळ जुना वाटायला लागला, लोकांनी खेळणं सोडलं, संपलं. पण तसं झालेलंच नाहीये. धंद्यातले लोक सांगतात त्या आकड्यांप्रमाणे अमेरिकेत वर्षातून एकदा तरी बोलिंग खेळणारे आजही ६ कोटींच्या वर आहेत, बाकीच्या किती खेळांना हा आकडा सांगता येईल? खेळणारे आहेत, पण खेळ कळणारे राहिले नाहीत. ते कसे तयार व्हायचे आणि मग कसे कमी झाले हे बघितलं की प्रो बोलिंगची सगळी धडपड आपोआप कळते.

आधी थोडं मागे जाऊ. पूर्वी पडलेल्या पिना उचलून परत उभ्या करायला लेनच्या मागच्या टोकाला पोरं बसवलेली असायची. काम वाईट, पगार तुटपुंजा, आणि पोरं आली नाहीत तर मालकाचा धंदा बंद. १९४६ला बफेलो शहरात एएमएफ कंपनीने पिना लावणारं मशीन लोकांना दाखवलं, १९५२पासून ते जोरात बाजारात आलं, मागोमाग ब्रन्सविकने आपलं आणलं, आणि मग गावोगावी, नव्या उपनगरांमध्ये एसी लावलेली चकाचक सेंटरं उभी राहिली. साठच्या दशकाच्या मध्यात अशी सेंटरं अकरा-बारा हजारांच्या घरात होती, आज चार हजारांच्या आसपास उरलीयत. १९५८ला एडी एलायस नावाच्या अ‍ॅक्रनच्या एका वकिलाने ३३ बोलर गोळा करून पीबीए ही प्रो बोलरांची संघटना काढली. १९६२पासून एबीसी चॅनलवर दर शनिवारी दुपारी प्रो बोलिंग लागायला लागलं, समालोचक ख्रिस शेंकेलचा तो शांत आवाज, आणि हे चाललं थेट १९९७पर्यंत, तब्बल पस्तीस वर्षं. १९६४ला डॉन कार्टर या बोलरने एबोनाइट या बॉल बनवणाऱ्या कंपनीशी १० लाख डॉलरचा करार केला, आणि कुठल्याही खेळातल्या खेळाडूचा एवढ्या रकमेचा हा पहिलाच जाहिरात करार असं मानतात.

बघणारे कोण होते? लीगवाले. हा शब्द लक्षात ठेवा कारण सगळी गोम इथे आहे. लीग म्हणजे काय, तर कारखान्यातल्या एका डिपार्टमेंटची चार-पाच जणांची टीम, किंवा चर्चची, किंवा युनियनची, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत तीसेक आठवडे दर आठवड्याला जायचं म्हणजे जायचंच. प्रत्येकाचं अ‍ॅव्हरेज लिहिलेलं, हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारे वाढीव पॉइंट) ठरलेला, हरलं की बियर पाजायची. मिलवॉकी, डेट्रॉइट, सेंट लुइस ही सगळी कारखान्यांची आणि बियरची शहरं बोलिंगची पण शहरं होती हा काही योगायोग नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अशा लीगमध्ये नाव नोंदवलेले बायका-पुरुष मिळून ९० लाखांच्या आसपास होते. या माणसाने स्वतः शेकडो वेळा कोपऱ्यातली एक पिन चुकवलेली असायची, त्यामुळे शनिवारी टीव्हीवर अर्ल अँथनी तीच पिन दहाच्या दहा वेळा उडवताना दिसला की त्याला बरोबर कळायचं की समोर काय चाललंय. अँथनी म्हणजे दिसायला बँकेतल्या कारकुनासारखा, चष्मा, बारीक कापलेले केस, डावखुरा, आणि बोलिंगमधून १० लाख डॉलर कमावणारा पहिला माणूस, १९८२मध्ये.

मग कारखाने बंद पडायला लागले. शिफ्टच्या वेळा बदलल्या, नवरा-बायको दोघं नोकरी करायला लागले, आणि 'पुढचे तीस मंगळवार मी येतो' असं सांगायला कोणी तयार होईना. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत एकूण बोलिंग खेळणारे १० टक्के वाढले आणि लीग खेळणारे ४० टक्के घटले. दोन्ही एकाच वेळी! हार्वर्डच्या एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने यावरून अमेरिकन समाज एकटा पडतोय वगैरे मोठा सिद्धांत मांडला होता, तो बरोबर की चूक यावर अजून भांडणं चालतात, पण बोलिंगपुरतं हे गणित अगदी साधं होतं. सेंटरच्या मालकाने बघितलं की लीगवाला दर आठवड्याला येतो खरा पण घासाघीस करतो, आणि शनिवारी रात्री येणारा पोरापोरींचा ग्रुप तासाला कितीतरी जास्त देतो, वर पिझ्झा, बियर, निळे-जांभळे दिवे, डीजे. मग लीगची वेळ काढून पार्टीला दिली, त्यामुळे लीग आणखी घटली. आज लीगमधले नोंदणीकृत लोक १० लाखांच्या आसपास आहेत.

आता वर्षातून एकदा वाढदिवसाला जाणारा माणूस टीव्हीवर प्रो बोलिंग लावतो तेव्हा त्याला काय दिसतं? एक माणूस येतो, बॉल टाकतो, दहा पिना पडतात. परत येतो, परत पडतात. तो म्हणतो ह्यात काय, मागच्या वाढदिवसाला मी पण लागोपाठ दोन स्ट्राइक (पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना) मारलेले.

तर आता ह्यात काय ते सांगतो, जरा वेळ द्या.

लेन फाऊल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेषा) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. रुंदी जेमतेम साडेतीन फूट, त्यात लाकडाच्या ३९ पट्ट्या (आता बऱ्याच ठिकाणी सिंथेटिक असतं पण पट्ट्या मोजतात तशाच). बॉल जास्तीत जास्त १६ पौंड म्हणजे सव्वासात किलो, आणि समोर दीड-दीड किलोच्या दहा पिना. बॉल सरळ टाकला तर पहिल्या पिनेला लागून तो बाजूला सरकतो आणि मागच्या पिना उभ्या राहतात. त्यामुळे प्रो लोक बॉल वळवतात, म्हणजे तो आधी कडेकडे जातो आणि शेवटी वळून पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत तिरका घुसतो. हा कोन साधारण ६ अंशांचा असला तर सगळ्यात जास्त स्ट्राइक पडतात, आणि सरळ बॉलने तो कोन मिळतच नाही.

वळणार कसा? तेलाने. लेनवर तेल असतं, आणि हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं. मशीनने २०-३० मिलीलीटर तेल, म्हणजे फोडणीला घालतो साधारण तेवढंच, लेनच्या पहिल्या ३५-४५ फुटांवर अत्यंत पातळ थरात पसरवतात आणि शेवटचा भाग कोरडा ठेवतात. तेलावर बॉल घसरत जातो, कोरड्या भागात आला की पकडतो आणि वळतो. आता मॉलमध्ये किंवा साध्या सेंटरमध्ये तेल कसं लावतात, तर मधे भरपूर, कडेला जवळजवळ नाहीच, मधलं तेल कडेच्या दहापट वगैरे असू शकतं. याचा फायदा असा की बॉल चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर पकडून आपोआप आत वळतो, आणि चुकून आत गेला तर जास्त तेलामुळे वळतच नाही, सरळ राहतो. म्हणजे चूक केली तरी लेनच सुधारून देते. प्रो स्पर्धेत हे लाड नाहीत. तिथे तेल बरंचसं सारखं पसरलेलं असतं, कधी ३३ फुटांपर्यंत तर कधी पार ४८ फुटांपर्यंत, पीबीएने या पॅटर्नना चित्ता, शार्क, विंचू अशी जनावरांची नावं देऊन ठेवलीयत. दोन पट्ट्या म्हणजे जेमतेम दोन इंच इकडेतिकडे झालं की स्ट्राइक सोडा, दोन टोकांना दोन पिना उभ्या राहतात. आपल्या गावच्या सेंटरमध्ये ३००पैकी २१०-२२०चं अ‍ॅव्हरेज मिरवणारा माणूस या तेलावर पहिल्यांदा खेळला की वीस-तीस पॉइंट सहज खाली येतो आणि दोन दिवस कोणाशी बोलत नाही.

त्यात हे तेल जागेवर राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं उचलतो, थोडं पुढे ढकलतो. म्हणजे क्रिकेटच्या पिचसारखंच आहे, पहिल्या दिवशीचं पिच पाचव्या दिवशी नसतं, फक्त इथे पाच दिवसांचं काम पाऊण तासात होतं. मग खेळाडू उभं राहायची जागा बदलतो, बॉल बदलतो (बॅगेत आठ-दहा बॉल, प्रत्येकाचं कव्हर वेगळं, आतला गाभा वेगळा), वेग बदलतो, मनगट बदलतो. डावखुरे कमी असतात त्यामुळे त्यांच्या बाजूचं तेल कमी मोडतं, यावरून सत्तरच्या दशकात अँथनीच्या नावाने किती बोटं मोडली असतील लोकांनी!

आता गंमत अशी की क्रिकेटचं पिच फुटलेलं दिसतं तरी, धूळ उडते, कॅमेरा झूम करून भेगा दाखवतो. तेल दिसतच नाही. ज्यावर सगळी मॅच ठरते तीच गोष्ट टीव्हीवर अदृश्य आहे. लीगवाल्याला ती न दिसता कळायची. नव्या प्रेक्षकाला ना दिसते ना कळते.

त्यात बॉलच्या टेक्नॉलॉजीने भर घातली. पूर्वी बॉल कडक रबराचे असायचे, मग प्लास्टिकचे आले. १९७३ला डॉन मॅक्यून नावाच्या प्रोने प्लास्टिकचे बॉल केमिकलमध्ये भिजवून मऊ केले, म्हणजे ते लेन जास्त पकडायचे, आणि त्या वर्षीचा प्लेअर ऑफ द इयर झाला. नियम मोडला का? नाही, कारण तेव्हा नियमच नव्हता, नंतर बॉलच्या कडकपणाचा नियम आला. १९८१च्या सुमारास युरेथेनचे बॉल आले आणि नव्वदच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे, आणि यांनी खेळच फिरवला. बॉल एवढा जोरात वळायला लागला की साध्या सेंटरमध्ये स्कोअर धडाधड वाढले. १२ स्ट्राइक लागोपाठ मारले की ३०० होतात, तो परफेक्ट गेम. देशभरात वर्षाला काहीशे व्हायचे ते हजारोंनी व्हायला लागले. एखाद्याने ३०० मारले की गावच्या पेपरात फोटो यायचा, आता शेजारच्या लेनवाला पण मान वर करून बघत नाही. सामान्य माणसाचा स्कोअर वाढला की प्रो आणि आपण यात फरक काय असं वाटायला लागणारच.

१९९७ला एबीसीने कार्यक्रम बंद केला. प्रेक्षक म्हातारे झाले होते आणि जाहिरातवाल्यांना तरुण पाहिजे होते. संघटना कंगाल. २०००मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आलेला ख्रिस पीटर्स, माइक स्लेड आणि रिअलनेटवर्क्सवाला रॉब ग्लेझर अशा तीन टेकवाल्यांनी अख्खी पीबीए साधारण ५० लाख डॉलरला विकत घेतली, आणि मुंबईत तेवढ्या पैशात तेव्हाही एखादी बरी बिल्डिंगच आली असती. नायकेमधला स्टीव्ह मिलर सीईओ आणला, ईएसपीएनशी करार केला, आणि खेळाडूंना सांगितलं की जरा भांडा, ओरडा, चेहरे करा. पीट वेबर त्यासाठी तयारच होता. काळा गॉगल, दंडेलशाही, एकूण ३७ टायटलं. २०१२चं यूएस ओपन एका पिनेने जिंकल्यावर तो प्रेक्षकांकडे बघून जे ओरडला, 'तू स्वतःला समजतोस कोण? मीच आहे!', त्याचा अर्थ आजतागायत कोणाला लागलेला नाही, आणि ती प्रो बोलिंगची सगळ्यात जास्त बघितली गेलेली क्लिप असेल बहुधा. माझं मत विचाराल तर क्लिप भारी आहे पण त्याने खेळाचं काही झालं नाही. लोक वेबरला ओळखतात, त्या सामन्यात समोर कोण होता ते सांगा बघू. (माइक फॅगन.)

मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या. जानेवारी २०१०मध्ये केली क्युलिकने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सच्या फायनलमध्ये ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असं धुतलं, पीबीए टूरचं टायटल जिंकणारी पहिली बाई. त्या वेळी बायकांची स्वतःची टूर बंद होती, ती २००३ला बुडाली आणि २०१५ला परत आली. खर्च वाचवायला २००९पासून एकाच ठिकाणी बऱ्याच स्पर्धा लागोपाठ घ्यायला लागले, कारण बहुतेक खेळाडू प्रवास, हॉटेल, एंट्री फी स्वतःच्या खिशातून भरतात आणि पहिल्या काही नंबरांत नाही आलं तर आठवडा तोट्यात जातो. मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या बेसाइड बोलमध्ये टीमची लीग घेतली, तिथे प्रेक्षक लेनला खेटून बसतात आणि बॉल हातात असताना बोंबलतात, ते मात्र बघायला खरंच मजा येते.

खरा फरक पडला तो जेसन बेलमॉन्टमुळे. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज नावाच्या गावात त्याच्या आईबापांचं बोलिंग सेंटर होतं, चालायला लागल्यापासून बॉल जड म्हणून दोन्ही हातांनी टाकायचा, आणि मोठा झाल्यावर ते सोडलंच नाही. अंगठा भोकात घालायचा नाही, दोन हातांनी धरून धावत यायचं, आणि बॉलला अशी फिरकी द्यायची की एका हातवाल्याला ती द्यायची तर मनगट निखळेल. फिनलंडचा ओस्कू पालेरमा पण याच पद्धतीने खेळायचा. सुरुवातीला जुन्या लोकांनी भरपूर शिव्या दिल्या, ही चीटिंग आहे म्हणाले. बेलमॉन्टने १५ मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या, तेवढ्या आजवर कोणी जिंकलेल्या नाहीत. आता कुठल्याही ज्युनियर स्पर्धेत जा, दोन हातवाल्या पोरांची रांग लागलेली असते. आणि इथे तेल कळायची गरजच नाही, बॉल जवळजवळ गटरच्या (लेनच्या बाजूच्या खोबणीच्या) कडेपर्यंत जाऊन मांजरीसारखा उडी मारून परत येतो हे कोणालाही दिसतं.

असंच एप्रिल २०२१ला झालं. अँथनी नॉयर, वय १८, लाल केस, टीव्हीवर लाइव्ह ७-१० स्प्लिट उडवली, म्हणजे मागच्या रांगेतल्या दोन टोकांच्या दोन पिना एका बॉलमध्ये. टीव्हीवर हे त्याआधी फक्त तिघांनी केलं होतं आणि शेवटचं १९९१ला. ती मॅच तो हरला! पण क्लिप जगभर फिरली. त्याच वर्षी झुबकेदार केसांच्या काइल ट्रुपने एका सीझनमध्ये ४,९६,९०० डॉलर कमावून कमाईचा रेकॉर्ड केला. एनबीएमध्ये बेंचवर बसणारा पोरगा याच्या दुप्पट घेतो, पण ते असो.

दरम्यान २०१९ला सामने फॉक्स चॅनलवर गेले आणि त्याच वर्षी बोलेरो या कंपनीने पीबीएच विकत घेतली. बोलेरो म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी बोलिंग सेंटरांची साखळी, साडेतीनशेच्या आसपास सेंटरं, २०२४च्या शेवटी नाव बदलून लकी स्ट्राइक एंटरटेनमेंट झाली. पैसा आला, ठिकाणं मिळाली, बक्षिसं थोडी वाढली. पण मला यात एक गोची वाटते. या कंपनीची कमाई कशावर, तर ज्याला तेल माहीत नाही अशा पार्टीवाल्यावर. त्याला दिवे, कॉकटेल आणि सोपी लेन पाहिजे. आणि प्रो टूरला पाहिजे लीगवाला, जो स्वस्तात तीस आठवडे लेन अडवतो. एकच मालक दोघांना खूश कसा ठेवणार? त्याच्यासाठी टूर ही सेंटरची जाहिरात आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर मी पण तसाच हिशोब केला असता.

ऑलिम्पिकचा मार्ग पण बघून झाला. १९८८ला सोलमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून बोलिंग होतं, फिलिपिन्सच्या एरियान सेर्देन्याने बायकांमध्ये सोनं जिंकलं पण ते पदकतालिकेत धरलं नाही. टोकियोसाठी २०१५मध्ये शेवटच्या आठ खेळांच्या यादीपर्यंत नाव गेलं आणि कटलं, स्केटबोर्डिंग आणि सर्फिंग आत गेले. आपल्याकडे तर १९८२च्या दिल्ली एशियाडमधून बोलिंग वगळलेलंच होतं. मुंबईत हा खेळ धडाक्यात आला तो नव्वदच्या शेवटी, लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात. तिकडे कारखान्यातल्या कामगारांनी जगवलेला खेळ इकडे बंद पडलेल्या गिरणीत आला आणि पहिल्या दिवसापासून पार्टीचाच खेळ होता, लीगचा मधला टप्पा आपण बघितलाच नाही.

मग उपाय काय? २०१५च्या सुमारास पीबीएने टीव्हीसाठी चक्क निळं तेल वापरून बघितलं. पहिल्यांदाच घरी बसलेल्याला दिसलं की तेल कुठे आहे, कुठे पुसलं गेलं, बॉल कुठे पकडतोय. पण ते टिकलं नाही. आता स्क्रीनवर बॉलचा वेग, फिरकी, कुठल्या पट्टीवरून गेला हे दाखवतात, ते बरं आहे, पण माझ्या मते निळं तेल परत आणायला पाहिजे, रंगीत लेन कुरूप दिसते म्हणून नाक मुरडणारे मुरडू देत.

आणि एक नवीन भांडण सुरू झालंय, दोरीच्या पिनांचं. पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली, पडली की मशीन दोरी ओढून उभी करतं. मशीन साधं, वीज कमी, मेकॅनिक लागत नाही, मालक खूश. पण दोरीमुळे पिना एकमेकांना तशा उडवत नाहीत, स्ट्राइक कमी पडतात. अमेरिकेतल्या बोलिंगच्या राष्ट्रीय संघटनेने (पीबीए नव्हे) २०२३ला याला मान्यता दिली, पण वेगळा प्रकार म्हणून, रेकॉर्ड वेगळे. नवीन सेंटर काढणारे दोरीच घेतायत कारण जुन्या मशीनचे पार्ट आणि ती दुरुस्त करणारी माणसं दोन्ही मिळेनाशी झालीयत, म्हणजे आणखी दहा वर्षांनी शिकणारं पोरगं दोरीवर शिकेल आणि टीव्हीवर बिनदोरीच्या पिना बघेल, आणि तेल तर त्याला आत्ताच दिसत नाहीये.